होडॅगचं बिंग: राइनलँडरमधल्या एका बनावाची उलटतपासणी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तरेला, विस्कॉन्सिन आणि पेलिकन या नद्यांच्या संगमावर राइनलँडर नावाचं गाव आहे. १८९३ साली वृत्तपत्रांत बातमी आली की या गावाजवळच्या जंगलात एक अनोळखी जनावर सापडलं. डोकं बेडकाचं, चेहरा दात विचकणाऱ्या हत्तीचा, पाय आखूड नि जाडजूड, पंजे भलेमोठे, पाठ डायनासोरची आणि लांब शेपटीच्या टोकाला भाले. नाव होडॅग. गावकऱ्यांच्या टोळीने त्याला घेरलं, शेवटी डायनामाइट लावून मारलं, आणि जळालेल्या अवशेषांचं छायाचित्रही बाहेर आलं. तीन वर्षांनी दुसरा होडॅग ‘जिवंत’ पकडला गेला आणि वनायडा काउंटीच्या पहिल्याच जत्रेत लोकांना दाखवण्यात आला. हजारो लोक तो बघून गेले. जनावर लाकडाचं होतं.

या सगळ्याचा सूत्रधार यूजीन शेपर्ड. जन्म १८५४, मृत्यू १९२३. होडॅगबद्दल लिहिताना बहुतेक जण त्याच्या शिंगांत आणि दातांत अडकतात. आमच्या मते खरं बघण्यासारखं आहे ते प्रदर्शनाचं तंत्र. कोण, किती अंतरावरून, किती वेळ आणि कसल्या उजेडात बघणार हे जोवर शेपर्ड ठरवत होता, तोवर बनाव तगला. हे ठरवण्याचा हक्क दुसरं कुणी मागतंय म्हटल्यावर तो एका दिवसाचाही राहिला नाही.

शब्दावर चालणारा धंदा

राइनलँडर रेल्वेबरोबर १८८२ च्या सुमारास उभं राहिलं आणि १८९४ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. गावाचा जीव पांढऱ्या पाइनच्या लाकडावर. हिवाळ्यात तोड, बर्फावरून ओंडक्यांची ओढ, वसंतात बर्फ वितळलं की ओंडके नदीत सोडायचे आणि खाली गिरणीत कापायचे, असा वर्षाचा क्रम.

शेपर्ड या धंद्यात टिंबर क्रूझर होता, म्हणजे उभ्या जंगलाचा अंदाज बांधणारा. अमेरिकी सरकारी मोजणीत जमीन एक मैल बाय एक मैल चौकोनांत विभागलेली असते. असा एक चौकोन म्हणजे सेक्शन, ६४० एकरांचा. छत्तीस सेक्शनांची एक टाउनशिप. व्यवहार मात्र बहुधा चाळीस एकरांच्या तुकड्यावर चालायचा. क्रूझर होकायंत्र घेऊन, पावलं मोजत त्या तुकड्यातून आडवा-उभा फिरायचा, झाडांचा घेर आणि सरळ खोडाची लांबी नजरेने धरायचा आणि त्यातून किती बोर्ड फूट लाकूड निघेल ते वहीत मांडायचा. बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी. शहरातला मालक ते जंगल स्वतः न बघता त्या वहीवर पैसे लावायचा.

ही गोष्ट प्रकरणाच्या मुळाशी आहे. जंगलातून आलेल्या माणसाने आकडे सांगितले की ते मानायचे, अशी सवय या भागाला धंद्यातूनच लागलेली. होडॅगची लांबी सात फूट, उंची अडीच फूट, असं माप जोडून सांगितलं जायचं. ‘प्रचंड मोठं’ म्हणणाऱ्याला कुणीही हसून बाजूला केलं असतं. अडीच फूट म्हणणारा माणूस फूटपट्टी घेऊन गेला असावा असं वाटतं.

कच्चा माल कॅम्पातला

जनावर कोऱ्या कागदावर जन्मलं नाही. लाकूडतोड्यांच्या कॅम्पात अशा प्राण्यांचा खच होता, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नेमून दिलेलं काम होतं. कुऱ्हाडीचा दांडा रात्रीतून गायब झाला तर तो ‘ॲक्सहँडल हाउंड’ने खाल्ला. वादळात किंवा विजेने झाड मधोमध फुटलं तर ‘स्प्लिंटरकॅट’ने टक्कर मारली. माणूस जंगलात गेला आणि परतला नाही तर ‘हाइडबिहाइंड’. तो कायम पाठीमागे असतो, वळून पाहिलं की खोडाआड जातो, म्हणून कुणी त्याला पाहिलेलं नाही.

सांगण्याचीही पद्धत ठरलेली. रात्री झोपडीत शेगडीभोवती एक जण सुरुवात करणार, दुसरा त्यातला एखादा तपशील ‘दुरुस्त’ करणार, तिसरा दुरुस्तीवर हरकत घेणार. चेहरे गंभीर. भांडण चाललेलं असतं शेपटीच्या लांबीवर, त्यामुळे नवख्याला शेपटीच्या अस्तित्वावर शंका घ्यायला जागाच उरत नाही. लोणकढी थाप एकट्याने मारली तर ती उघडी पडते. चौघांनी मिळून तिच्यावर वाद घातला की ती माहिती होते.

शेपर्डच्या होडॅगला मिळालेली जन्मकथा या कॅम्पातूनच उचललेली आहे. ओंडके ओढणारे बैल राबून राबून मरायचे आणि जिवंत असताना हाकणाऱ्यांच्या शिव्या खायचे. बैलहाक्यांच्या तोंडाची कीर्ती तेव्हा दूरवर होती. कथा अशी, की मेलेल्या बैलाच्या कातड्यात इतक्या शिव्या मुरलेल्या असतात की त्याला शुद्ध करायला सात वर्षं जाळावं लागतं, आणि त्या राखेतून होडॅग उठतो. आयुष्यभराचा छळ अंगात घेऊन उठल्यामुळे तो असा भयंकर. शेपर्डने त्याला थाटाचं लॅटिन नावही दिलं, ‘बोव्हाइन स्पिरिच्युअलिस’. त्याचं खाणं म्हणजे पांढरे बुलडॉग, तेही फक्त रविवारी.

बुलडॉगची अट निव्वळ विनोद म्हणून सोडून देऊ नये. ती अतिशय नेमकी आहे आणि तपासता येत नाही. आसपास पांढरे बुलडॉग नसतील तर होडॅगने ते संपवले असं म्हणता येतं. होडॅग दिसेनासा झाला तर खाद्य संपल्याने नामशेष झाला. दोन्ही बाजूंनी दार बंद. बैलांच्या कथेचा फायदा आणखी रोकडा होता. जनावर बैलातून निपजलं म्हटल्यावर त्याच्या अंगावर बैलाचं कातडं आणि शिंगं दिसली तरी बिघडत नाही. कथा आणि हाताशी असलेलं सामान यांचा मेळ यापेक्षा चांगला बसला नसता.

पहिला होडॅग मेलेला का होता

१८९३ च्या वृत्तांतात होडॅगला मारायला डायनामाइट लागतं. हा तपशील अतिरंजित वाटतो, पण स्थानिक वाचकाला ओळखीचा होता. नदीत ओंडके एकमेकांत अडकून बांध तयार झाला की तो फोडायला डायनामाइटच वापरत. ते गावात सहज मिळायचं आणि ते हाताळणारी माणसंही होती. सुरुंगाने उडवलेल्या आणि वर जळालेल्या जनावराचं काय उरणार? कातडी नाही, दात नाहीत, मोजायला सांगाडा नाही. म्हणजे नमुना मागणाऱ्याला द्यायला उत्तर तयार. उरतं फक्त छायाचित्र, आणि त्यात काळाठिक्कर ऐवज.

छोट्या गावच्या साप्ताहिकांना त्या काळी छायाचित्र छापणं खर्चिक आणि किचकट होतं. त्यामुळे बातमी शब्दांतून पसरायची आणि चित्र वेगळं, प्रत हातोहात फिरून. वाचक आधी वर्णन वाचायचा, मग महिन्याने कधीतरी फोटो बघायचा आणि वाचलेलं त्यात शोधायचा. फोटोत जे दिसत नाही तेही मग दिसायला लागतं.

पुढे याच धर्तीची मांडून काढलेली छायाचित्रंही आली. कुऱ्हाडी, दाताळी, बंदुका घेतलेली माणसं मधल्या होडॅगवर चाल करून जाताहेत असं दृश्य. हल्ला ऐन रंगात आहे आणि कुणीही जराही हललेलं नाही. होडॅग तर मुळीच नाही.

जिवंत होडॅगची अडचण

१८९६ मध्ये शेपर्डने पाऊल पुढे टाकलं. मेलेला होडॅग एकदाच विकता येतो, जिवंत होडॅग रोज. शिवाय काउंटीची पहिलीच जत्रा होती. तोड संपलेल्या जमिनी शेतकऱ्यांना विकायच्या आणि बाहेरचे लोक इकडे आणायचे, यात गावातल्या सगळ्यांचाच स्वार्थ होता. पण मेलेल्या जनावराने पुराव्याची जी जबाबदारी अंगावरून झटकली होती, ती जिवंत जनावराने परत आणली.

पकडल्याची हकीकत अशी दिली गेली: अस्वलांशी कुस्ती खेळणारे काही गडी बरोबर घेतले, लांब काठीच्या टोकाला क्लोरोफॉर्म लावून ती होडॅगच्या गुहेत सरकवली, तो बेशुद्ध पडला आणि त्याला बांधून आणलं.

हकीकत म्हणून ही चोख आहे. क्लोरोफॉर्ममुळे अंगावर जखम नसल्याचा खुलासा होतो. पेल्याएवढ्या खर्चात विज्ञानाचा शिक्का बसतो. प्रत्यक्षात मात्र ती कुठेच टिकत नाही. क्लोरोफॉर्म भराभर उडतं आणि त्याची वाफ हवेच्या साधारण चौपट जड असते. चिंधीवरून निघालेली वाफ खाली बसते, पसरते आणि पातळ होते. भूल चढायची तर पुरेशी दाट वाफ सलग काही मिनिटं नाकाशी राहावी लागते. त्या काळचे डॉक्टर म्हणूनच कापड किंवा जाळीचा मुखवटा रुग्णाच्या तोंडावर धरून त्यावर थेंब थेंब सोडत, आणि रुग्ण पडून राहायला तयार असायचा. जागं, चिडलेलं जनावर काठी चावेल किंवा गुहेत मागे सरकेल.

आणि गुहा कुठली? राइनलँडरचा परिसर म्हणजे हिमनद्यांनी आणून ओतलेली वाळू आणि गोटे, आणि मधल्या खळग्यांत साचलेली शेकडो तळी. विस्कॉन्सिनमधल्या नावाजलेल्या गुहा राज्याच्या दक्षिण आणि नैऋत्य भागात, चुनखडीच्या दगडात आहेत. जंगलात जन्म काढलेल्या स्थानिक प्रेक्षकाला हे कळत नसेल असं मानायला आम्ही तयार नाही. कळूनही तो गप्प बसला, आणि ते का, हे पुढे येतंच.

तंबूत काय घडत होतं

जनावराची बांधणी साधी होती. आत कोरलेलं लाकूड, वर बैलाचं कातडं, पाठीच्या कण्यावर ओळीने गुरांची शिंगं. हलवण्यासाठी तारा जोडलेल्या आणि त्या ओढणारा आडोशाला. जत्रेत तंबू, जत्रेनंतर शेपर्डच्या घराजवळची खोपटी. प्रेक्षक आत आले की आडून गुरगुर, मग तार ओढली की जनावर हिसका देणार, आणि आधीच जीव मुठीत धरून उभे असलेले लोक दाराकडे धूम ठोकणार.

हे का चाललं ते डोळ्यांपासून बघायला हवं. उन्हातून अंधाऱ्या जागेत गेल्यावर नजर सरावायला वेळ लागतो. ढोबळ आकार दिसायला काही मिनिटं, आणि मंद उजेडातली पूर्ण क्षमता यायला अर्ध्या तासाच्या आसपास. प्रेक्षक आत राहायचा त्याच्या कितीतरी कमी. म्हणजे ज्या वेळात त्याला फक्त बाह्यरेषा दिसू शकते तेवढाच वेळ त्याला मिळायचा, आणि बाह्यरेषेत शिंगांची रांग सगळ्यात ठसठशीत उठते. कातड्याची शिवण, डोळ्यांतला मेलेपणा, पंजे जमिनीवर टेकलेत की खिळलेत, या गोष्टी दिसायला नजर सरावावी लागते. त्या आधीच हिसका बसायचा.

हिसका कधी द्यायचा यातच सगळी हुशारी. लवकर दिला तर लोक अजून आत येताहेत, घाबरण्याइतकं काही पाहिलेलं नाही. उशिरा दिला तर एखादा चौकस माणूस दोन पावलं पुढे सरकलेला. शिवाय एकाच तुकडीसमोर तोच हिसका पुन्हा दिला की कळतं, प्रत्येक वेळी मान त्याच बाजूला, तेवढीच वळते. तारेला एकच दिशा असते. म्हणून हिसक्यानंतर प्रेक्षक बाहेर पळणं ही गंमत नव्हती, ती गरज होती. पळालेला माणूस दुसरा हिसका बघत नाही.

बिघडण्यासारखं पुष्कळ होतं. नीट न कमावलेलं कातडं वाळताना आकसतं, शिवणी उसवतात, केस गळतात. दमट हवेत वास सुटतो, आणि इथला प्रेक्षक बैलाचा वास ओळखत नाही असं होणं शक्य नव्हतं. शिंग मुळात पोकळ असतं. ते आत खुंटी ठोकून बसवावं लागतं, आणि लाकूड सुकलं की खुंटी सैल होऊन शिंग डुलायला लागतं. तार कातड्यातून बाहेर येते तिथे घासून भोक रुंदावतं. म्हणजे प्रत्येक खेळागणिक वस्तू थोडी थोडी उघडी पडत जाते. काळोख आणि अंतर ही नाटकाची सजावट नव्हती, त्याशिवाय ती वस्तू प्रेक्षकासमोर उभीच राहिली नसती.

तरीही आमच्या मते सगळ्यात मजबूत खांब बाहेर उभा होता: तंबूतून नुकताच निघालेला प्रेक्षक. त्याचे पैसे गेलेले, आणि तो पळतानाही चार जणांनी पाहिलेला. आत लाकूड आहे असं सांगितलं तर आपण लाकडाला घाबरलो हे कबूल करावं लागणार. त्यापेक्षा शेजाऱ्याला आत पाठवणं सोयीचं. कॅम्पातल्या शेगडीभोवती नवख्याला बनवणारे जे तिघे-चौघे असायचे, त्यांची जागा इथे रांगेतल्या लोकांनी आपण होऊन घेतली. गुहेबद्दल गप्प बसलेला जाणकारही याच रांगेतला.

भांडं कसं फुटलं

बातमी गावातून राज्यात आणि राज्यातून देशभर गेली. मग वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ होडॅग तपासायला येणार असं जाहीर झालं, अशी हकीकत राइनलँडरमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. ते येण्याची वेळच आली नाही. शेपर्डने होडॅग खोटा असल्याचं कबूल करून टाकलं.

त्याचा निर्णय बरोबर होता, हे अमेरिकेतल्याच आधीच्या एका प्रकरणाशी ताडून बघता येतं. १८६९ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क राज्यात कार्डिफ इथे विहीर खणताना दहा फुटांहून लांब ‘अश्मीभूत राक्षस’ सापडला. जॉर्ज हल नावाच्या माणसाने आयोवातून आणलेल्या जिप्समचा तो कोरून पुरलेला पुतळा होता. हलच्या राक्षसाला हलायचं नव्हतं, म्हणून तो उजेडात, जवळून दाखवता आला आणि लोकांना अधिक खरा वाटला. पण त्याच कारणाने जीवाश्मतज्ज्ञ ओथनील मार्श यांनाही तो जवळून बघता आला, आणि कोरल्याच्या ताज्या खुणा त्यांच्या नजरेतून सुटल्या नाहीत. तिथे खोटेपणा तज्ज्ञाने जाहीर केला, मालकाने नव्हे. शेपर्डने तज्ज्ञ दारात यायच्या आत स्वतः सांगितल्यामुळे तो ठग ठरला नाही, वस्ताद ठरला. रांगेत उभे राहिलेल्यांनाही ‘आम्हाला आधीच माहीत होतं’ म्हणायची सोय झाली.

नंतरचा होडॅग

कबुलीनंतर होडॅग संपायला हवा होता. झालं उलट. आज राइनलँडरच्या हायस्कूलचे संघ ‘होडॅग्ज’ म्हणून खेळतात, चेंबर ऑफ कॉमर्ससमोर फायबरग्लासचा भलामोठा हिरवा होडॅग उभा आहे, आणि १९७८ पासून होडॅगच्या नावाने कंट्री संगीताचा महोत्सव भरतो. पूर्वी नदीत ओंडके अडवून ठेवायचे त्या बूम लेकच्या काठावरच्या बागेचं नाव होडॅग पार्क.

शोध घेणाऱ्याने इथे एक घोळ टाळावा. होडॅग एक नाही. मिनेसोटाचे पहिले राज्य वनाधिकारी विल्यम कॉक्स यांनी १९१० मध्ये लाकूडतोड्यांच्या प्राण्यांवर पुस्तक काढलं. त्यातला होडॅग गेंड्याएवढा, बिनकेसांचा, अंगावर पट्टे नि चौकड्या असलेला आणि साळिंदरं खाणारा आहे. त्याच्या नाकावर फावड्यासारखं हाड आहे, त्यामुळे त्याला फक्त वरचंच दिसतं. शिंगांची रांग, बैलांची राख आणि पांढरे बुलडॉग हा राइनलँडरचा संच, आणि तो सविस्तर छापून आला ल्यूक कर्नी यांच्या १९२८ च्या संग्रहात, शेपर्डच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. इंटरनेटवर या दोन्हींची खिचडी करून एकच प्राणी रंगवलेला सर्रास दिसतो. साळिंदर आणि बुलडॉग एकाच वाक्यात आले की लिहिणाऱ्याने मूळ पाहिलेलं नाही असं खुशाल समजावं.

दुसरा घोळ छायाचित्रांचा. होडॅगची पोस्टकार्डं उत्तर विस्कॉन्सिनमध्ये कित्येक वर्षं विकली गेली आणि आज प्रत्येक जुनं कार्ड ‘१८९६ चं मूळ’ म्हणून विकायला निघतं. कार्ड उलटं करून बघावं. मागची बाजू उभ्या रेघेने पत्ता आणि मजकूर अशी दुभागलेली असेल तर ते मार्च १९०७ नंतरचं, कारण अमेरिकी टपालखात्याने ती मुभा तेव्हा दिली. चित्राभोवती पांढरी चौकट असेल तर बहुधा १९१५ नंतरचं. कागदाला कापडासारखी वीण असेल तर १९३० नंतरचं. छायाचित्रणाच्या कागदावर थेट उमटवलेलं कार्ड असेल तर तिकिटाच्या चौकोनातली खूण पाहावी: ‘एझो’ नावाच्या कागदावर त्या चौकोनाच्या कोपऱ्यांतले चारही त्रिकोण वर टोक करून असतील तर साधारण १९०४ ते १९१८, दोन वर आणि दोन खाली असतील तर १९१८ ते १९३०. कार्डावरचं दृश्य जुनं असू शकतं, पण कार्ड त्या तारखेच्या आधीचं नसतं, आणि किंमत कार्डाची द्यायची असते.